मोठीमायच्या दोरीवरच्या चान्या

आमच्या मासिकाच्या बहुतेक वाचकांनी चान्या खाल्लेल्या आहेत, आणि बहुतेकांनी ते कुठं सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. ज्यांना खरोखरच ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो: बड्याचं, म्हणजे बैल-म्हशीचं, मांस लांब पट्ट्यांनी कापायचं, मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर टाकून कडक उन्हात वाळवायचं. चार-पाच दिवसांत पट्टी झाडाच्या सालीसारखी होते. मग ती गाडग्यात भरून ठेवायची, आणि घरात दुसरं काही नसेल त्या दिवशी निखाऱ्यावर भाजून, दगडावर ठेचून, तिखट-लसूण लावून भातासोबत खायची. एवढंच. यात लाजण्यासारखं काय आहे, असं मी आता विचारतो. गेल्या मार्चमध्ये कुणी मला हेच विचारलं असतं, तर त्याला मी तासभर भाषण ऐकवलं असतं.

गेल्या मार्चमध्ये मी भंडारा जिल्ह्यात नऊ दिवस फिरलो. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, पुन्हा सभा घेता येत होत्या, आणि माझ्या शबनम पिशवीत दोनशे पत्रकं होती. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, ढोर ओढणं सोडा, हा विषय. मजकूर माझा. वर ठळक अक्षरांत ओळ होती : 'मेलेलं खाणारा मेल्यासारखाच जगतो.' ही ओळ सुचली त्या दिवशी मी दोन चहा जास्त प्यालो होतो.

ही हकीगत सांगतो, कारण या नऊ दिवसांत मी एका बाईचा मान घालवला. ती माझी मोठीमाय, आईची थोरली बहीण. आई वारल्यावर सहाव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत मला तिनं वाढवलं. नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसं.

भंडारा – साकोली

भंडाऱ्याला उतरलो की पहिलं दिसतं ते पितळ. दुकानांच्या फळ्यांवर हंडे, परात, कोपर, गंज अशी भांडी उन्हात झळकत असतात. नागपूरला आम्ही वसतिगृहाच्या अॅल्युमिनियमच्या ताटात जेवतो. या दुकानांपुढून जाताना मला नेहमी वाटतं की एवढं पितळ आमच्या वस्त्यांत कधी गेलंच नाही. मग वाटतं, घासायला तरी आमच्याच बाया गेल्या असतील.

साकोलीच्या एसटीत मी पत्रकांचा गठ्ठा बाकाखाली सरकवला. वाटेत एक धिवरीण चढली आणि तिनं आपली टोपली नेमकी त्या गठ्ठ्यावर ठेवली. टोपलीत तलावातले ताजे मासे. साकोली येईपर्यंत माझ्या क्रांतीला माशांचं पाणी लागलं होतं. मी आवाज चढवला.

"काय गा, कागदच तर हायत," ती म्हणाली. "उन्हात टाक, वाळतीन. आमी मासे नाई का वाळवत?"

"हे साधे कागद नाहीत, बाई. समाजासाठी आहेत."

"का लिवलं हाय त्यात?"

मी तिथंच, स्टँडवर, माझी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"माहे तं सारे मेलेलेच हायत, बापा," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. कंडक्टर हसला. मी हसलो नाही. तेव्हा मला हसता येत नसे.

हमरस्त्याला लागून असलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर सभा झाली. ओट्यावर ओली पत्रकं दगड ठेवून वाळत घातली होती, पाच पोरं समोर बसली होती, आणि मी पाचशे असावेत असा बोलत होतो. पोरं नाकाला रुमाल लावून ऐकत होती. पुढचे सगळे दिवस पत्रकांना तो वास राहिला.

पवनी

पवनीला टेकडीवर गेलो. अलीकडेच उकरून काढलेला स्तूप तिथं आहे. चपट्या, मोठ्या विटा, भाजून घट्ट झालेल्या. खाली वैनगंगेचं पात्र उन्हाळ्याच्या तोंडाला आटत आलेलं, पलीकडे धानाच्या रिकाम्या बांध्या. मी एका विटेवर हात ठेवला. ज्यांच्या बापजाद्यांना गावात वीट रचू दिली नाही, त्यांचं दोन हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम इथं उभं होतं. छाती भरून आली हे खोटं नाही. पण माझा एक दोष आहे. छाती भरली की मला लगेच कुणाला तरी फटकारावंसं वाटतं.

मुक्काम एका प्राथमिक शिक्षकाकडे होता. वयानं पन्नाशीचे, धम्म घेतलेल्या पहिल्या पिढीचे. गुरुजींनी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं, आणि मी उद्या कुठल्या गावी जाणार ते विचारून घेतलं.

"तुमची मावशीच आहे तिथं, म्हणजे काही प्रश्न नाही," ते म्हणाले. "फक्त एक करा. दोन दिवस नुसते जेवा. बोला तिसऱ्या दिवशी."

"गुरुजी, माझ्याकडे वेळ नाही."

"वेळ तर त्यांच्याकडेही नसतो," ते म्हणाले आणि वरण वाढलं. मला ते जुन्या पिढीचं ढिलेपण वाटलं. डायरीत तसं लिहिलंसुद्धा.

वस्तीत

पवनीपासून एसटीनं थोडं, मग बांधावरून पायी. धान केव्हाच निघाला होता. बांध्यांत लाखोळी उपटून तिचे ढीग घातले होते. मोहाच्या झाडांखाली बाया फुलं वेचत होत्या. वस्तीच्या तोंडाशीच दशरथ मामा भेटले. वस्तीतले प्रमुख. बावीस वर्षांपूर्वी सगळ्या घरांकडून शपथ घेववली होती ती त्यांनीच: मेलेलं ढोर ओढणार नाही, खाणार नाही. शपथ साधी नव्हती. ढोर ओढायला नकार दिला म्हणून गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी मधली कित्येक वर्षं या लोकांना धानाच्या रोवणीला बोलावलं नाही. त्या हंगामातही गावातल्या दोन घरांनी धान कापायला बाहेरची माणसं आणली होती. अशा पोटांनी ही शपथ पाळली होती.

"पन आता एक बिघडलं हाय," मामा म्हणाले. "पंधरा दिवस झाले, एकाचा बैल मेला. गावानंच तो नाल्यात टाकला. दुसऱ्या दिवशी पायलं तं फऱ्याचं मांस कापून नेलं होतं. आपल्यातल्याच कोनी तरी. गाववाले हसून राहिले आमाले. तू आला, बरं झालं. तू बोल."

मी बोलणारच होतो.

मोठीमायचं घर वस्तीच्या टोकाला, बोडीजवळ, म्हणजे लहान तळ्याजवळ. अंगणात शिरलो आणि थांबलो. दोन मेढींना दोरी बांधलेली. त्यावर चान्या. काळपट लाल, पुरत्या वाळलेल्या, वर घारीसाठी जुनं लुगडं पांघरलेलं. पंधरा दिवसांपूर्वी बैल मेला होता. माझं गणित तिथल्या तिथं सुटलं.

आणि मग वास आला. ती आत एक पट्टी भाजत होती. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की उठतो तो, खारट, धुरकट. मी एकदम सात वर्षांचा झालो. शाळेला निघताना ती भाजलेला तुकडा माझ्या खिशात टाकायची. दुपारपर्यंत मी तो चोखत राहायचो, मीठ संपलं की आतून मांसाची चव सुटायची, आणि कुठल्याही गोळीबिस्किटापेक्षा ती जास्त वेळ टिकायची. एकदा मास्तरांना वास आला. त्यांनी महिनाभर मला दाराबाहेर बसवलं. पुढे वसतिगृहात कुणी लहानपणीच्या खाण्याचा विषय काढला की मी श्रीखंड सांगायचो. श्रीखंड मी एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा खाल्लं.

"आला का गा बाबू!" ती बाहेर आली. हातातली राख लुगड्याला पुसली आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "किती वाळला रे. चान्यापेक्षा वाळला तू तं. चाल, हात धू."

ताटात भात होता, वरण होतं आणि ठेचलेली चानी होती. तोंडाला पाणी सुटलं. माझ्याच तोंडाचा मला संताप आला. मी ताट सरकवलं.

"काहून रे? ताप हाय का अजून?"

"हे कुठून आणलं, मोठीमाय?"

"चोरून नाई आनलं," ती हसून म्हणाली. "तुले कायले पाह्यजे? तुह्यासाठी हाय, खा."

"कुठून आणलं?"

"आनलं बापा कुठून तरी. पोलीस झाला का तू? खा आधी."

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. नुसता वरणभात खाल्ला. चानी ताटाच्या कडेला तशीच राहिली. तिनं ती उचलून परत गाडग्यात टाकली, आणि मग माझ्याकडे पाठ करून बराच वेळ चूल सारवत बसली.

ऊन कलल्यावर विहारापुढे सभा भरली. विहार म्हणजे कुडाची एक खोली आणि वर निळा झेंडा. साठेक माणसं होती, बाया एका बाजूला, मोठीमाय पुढेच. पाच दिवसांनी पौर्णिमा होती. दर पौर्णिमेला वंदना झाली की सगळ्या वस्तीची खिरीची पंगत बसते, आणि धम्म घेतल्यापासून ती खीर मोठीमाय शिजवते. तिनं हात लावल्याशिवाय गंज, खिरीचं ते मोठं भांडं, चुलीवर चढत नाही. तिला मूलबाळ नाही, शेती नाही. हा एक मान आहे. मला हे ठाऊक होतं. हे ठाऊक असूनही मी पुढचं केलं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

मी पत्रक वाचलं. चांगलं वाचलं. मग मामांनी बैलाची गोष्ट काढली आणि विचारलं, कोणी केलं असेल त्यानं आपणहून सांगावं. कोणी बोललं नाही. ती शांतता मला सहन झाली नाही. वाटलं, कार्यकर्त्याची कसोटी हीच. दुसऱ्यांच्या घरांकडे बोट दाखवणारे पुष्कळ, आपल्या घरापासून सुरुवात करणारा विरळा.

"दुसऱ्यांची घरं कशाला शोधायची?" मी म्हणालो. "दोरी माझ्या मावशीच्या अंगणात आहे. मी स्वतः पाहिली."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

मामांचा आवाज खाली आला. "फुलाबाई, खरं काय वं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान फिरवून बायांच्या बाजूला पाहिलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग म्हणाली, "दोरी माही हाय."

एवढंच.

"बावीस साल झाले, फुलाबाई," मामा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला आता आठवतं. "आता गंजाले हात लावू नको तू. पंगतीतही बसू नको."

ती उठली. घरी गेली. आम्ही सगळे तिथूनच पाहत होतो. तिनं चान्यांवरचं लुगडं काढून त्याची घडी केली, दोरी सोडली, चान्यांसकट हातावर गुंडाळली आणि बोडीत नेऊन टाकली. काठावर कुत्री जमली. एका पोरानं घोषणा दिली. मी त्या घोषणेला साथ दिली.

आमच्या पूर्वजांना गावानं पंगतीतून उठवलं म्हणून मी पत्रकं छापतो. त्या दिवशी पंगतीतून उठवणारा मी होतो, आणि माझ्या हे ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुढच्या गावी निघालो. ती दारात उभी होती. "जाऊन येतो," म्हणालो. तिनं मान हलवली.

पवनीचा बाजार

पुढचं गाव, त्यापुढचं गाव. सभेनंतर चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर पवनीला आलो तर बाजार भरला होता. वाळलेले झिंगे, मिरच्या, टोपल्या, बैलांचे गोंडे. कसायांच्या दुकानांच्या कडेला एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या दुकानातले म्हातारे चाचा चहा प्यायला आले आणि कुठून कुठं चाललो ते विचारू लागले. गावाचं नाव सांगताच त्यांनी बशी खाली ठेवली.

"अरे, तुम फुलाबाई के भांजे तो नहीं? नागपूरवाले?"

"हो. तुम्ही कसे ओळखता?"

"हमारे अब्बा के टाइम से गाहक है बाई. मेलेलं सोडलं ना तुम्हारे लोगों ने, तब से. साल में एकाध बार आती. पहले भी तुम्हारेच वास्ते ले जाती थी, स्कूल जानेवाला बच्चा है बोलके." ते हसले. "अबके दो मुर्गियाँ लेके आई. पैसे नाई, मुर्गी ले लो बोली, और पुठ्ठे का गोश्त दो, चरबी छाँट के. भांजे की चिट्ठी आई बोली, बुखार में पडा है और चान्या माँग रहा है. खाई के नाई?"

चिठ्ठी. जानेवारीत टायफॉईडनं पडलो होतो. तापात कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलं होतं. काय सांगितलं ते मला आठवत नव्हतं. आता आठवलं: 'तुझ्या हातच्या चान्या खाव्याशा वाटतात.' ते कार्ड तिनं मामांच्या मुलीकडून वाचून घेतलं असणार आणि ऊन तापायची वाट पाहिली असणार.

माझ्या खिशातला तो शाळेचा तुकडासुद्धा विकतचा होता. तो मेलेल्याचा आहे असं धरून मी पंधरा वर्षं स्वतःच्या जिभेची लाज बाळगली, त्या लाजेतून पत्रकं लिहिली, आणि ज्या बाईनं शपथ माझ्या जन्माच्या वर्षापासून पाळली तिला त्या पत्रकानं झोडपलं.

"खाई के नाई?" चाचांनी पुन्हा विचारलं.

मी चहा तसाच टाकून उठलो.

पुन्हा वस्तीत

भर दुपारी पोचलो. मोठीमाय सावलीत बसून मोहफुलं निवडत होती. अंगणातल्या मेढी रिकाम्या होत्या. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती.

"परत आला का?" ती म्हणाली. "पानी पी."

मी पाणी प्यालो नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, बाजार, चाचा, कोंबड्या, कार्ड. पाय धरायला वाकलो तर तिनं हातानं बाजूला केलं.

"तू बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस, विकत आणलं म्हणून, तर..."

"तं का झालं असतं?"

"मी गप्प बसलो असतो."

"तू?" ती हसली. हसणं खरं होतं, आणि तेच लागलं. "तू गप बसनारा हायस का बाबू?"

"मी आत्ता मामांना बोलावतो. सभा घेतो. सगळ्यांसमोर सांगतो की चुकलो. उद्याची खीर तूच शिजवशील."

"नाई."

"का नाही?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. "बस खाली. आइक. तो बैल कोनी तरी कापला हाय ना? मी नाई कापला हे तू सांगशीन, तं दशरथ भाऊ पुढं का इचारतीन? मंग कोनं कापला? त्या दिवशी मी बोलली असती तरी हेच. माहं इकत हाय म्हनली असती, तं तू उठून शेजारच्या घरातलं गाडगं पायलं असतं. मले दिसत होतं तुह्या डोळ्यात."

"पण तू कशाला भोगायचं?"

"मले का होते? मी एकटी. माह्या पंगतीनं कोनी उपाशी नाई ऱ्हात. त्या घरी तीन लेकरं हायत. मानूस पडून हाय. धान कापाले कोनी बोलावलं नाई तिले. तीन दिवस चूल नाई पेटली, मंग गेली नाल्यात. शपथ मोडली तिनं, मले मालूम हाय. रडली माह्याजवळ येऊन. सभेत बसली होती, लेकराले पदराखाली घेऊन. तुहं वाचनं चालू होतं, मेल्यासारखाच जगते म्हने. ते तुलेच लिवाले येते. आमाले नाई."

लाज वाटत होती, हे लिहायला सोपं आहे. त्याहून लिहायला अवघड ते हे, की लाज वाटत असतानाच माझं डोकं चालू होतं. बायांच्या रांगा डोळ्यांपुढे येत होत्या. लेकरू पदराखाली घेतलेली कोण होती? उजवीकडची की मागची? आणि तोंडातून निघून गेलं:

"कोणाच्या घरी?"

शब्द बाहेर पडला तसा मला ऐकू आला. तिलाही आला. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यात राग नव्हता. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावून ताप उतरला नाही हे कळल्यावर बायका पाहतात, तसं पाहिलं.

मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"तुही यष्टी किती वाजता हाय?"

"साडेतीनला."

"मंग निघ आता. ऊन हाय, डोक्याले दुपट्टा बांध."

मी निघालो. बोडीच्या कडेनं वाट दोन्ही बाजूंच्या घरांमधून जाते. कुठं भांडी घासल्याचा आवाज येत होता, कुठं लेकरू रडत होतं. वस्ती संपेपर्यंत मी मान खाली घालून चाललो. वर पाहिलं असतं तर एकेका अंगणात मी दोरी शोधली असती.